तो आज आला नाही

निवृत्त झाल्यावर पहिल्या आठ महिन्यांत डॉक्टरांनी घरातले सगळे नळ स्वतःच्या हातानं दुरुस्त केले. तेव्हापासून प्लंबर दर आठवड्याला येत असे.

डॉक्टर दातांचे. चौतीस वर्षं एकाच माडीवरच्या दवाखान्यात, एकाच खुर्चीशेजारी उभं राहून त्यांनी गावातल्या अर्ध्या लोकांच्या दाढा काढल्या आणि उरलेल्या अर्ध्यांना पुढची तारीख दिली. काम करताना ते अखंड बोलत. राजकारण, इतिहास, नाटक, मुलांना वळण कसं लावावं, काहीही. ऐकणाऱ्याच्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं असल्यामुळे कुणी कधी हरकत घेतली नव्हती. आपलं म्हणणं लोकांना पटतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती ती त्यामुळेच. दवाखाना बंद केल्यावर ते तेच सगळं घरी बोलू लागले, आणि बायकोच्या तोंडात कापूस नाही ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

जाहिरात तिनंच दाखवली. गावाबाहेरच्या जुन्या छावणीत युद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेलं एक नाट्यगृह होतं. ते पाडायचं घाटत होतं, पण काही लोकांनी नगरपालिकेच्या मागे लागून ते वाचवलं आणि आता तिथं पुन्हा नाटकं करायची म्हणून डागडुजी चालली होती. काम करायला माणसं हवी होती. पगार नाही, चहा मिळेल. दर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी एक.

"फक्त रविवारी?" बायकोनं पुन्हा एकदा वाचून पाहिलं. तिच्या आवाजातली निराशा डॉक्टरांनी ऐकली, पण तिला आपली काळजी वाटतेय असा अर्थ त्यांनी लावला.

पहिल्या रविवारी डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खिशात दोन पानांचं भाषण होतं. अशा ठिकाणी नव्या माणसाला चार शब्द बोलायला सांगतात, आणि ऐनवेळी पंचाईत नको.

नाट्यगृह म्हणजे अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप उपडं घालावं तशी एक लांबलचक शेड होती. सैनिकांनी ती सत्तर दिवसांत उभी केली होती असं म्हणत. युद्ध संपल्यावर तिथं काही वर्षं धान्याची पोती होती, मग बॅडमिंटन क्लब आला, मग तोही गेला आणि कबुतरं आली. आत लाकडी बाकांच्या बावीस रांगा आणि समोर कमरेएवढ्या उंचीचा रंगमंच होता. दोन्ही बाजूंना मिळून अठ्ठावीस खिडक्या, आणि त्यांच्या काचा काळ्या रंगानं रंगवलेल्या. वरून जाणाऱ्या विमानांना आतला उजेड दिसू नये म्हणून तेव्हा रंगवल्या, त्या रंगवलेल्याच राहिल्या. ऐंशी वर्षांत त्या खोलीत दिवस उगवला नव्हता.

कामाची सगळी सूत्रं सिस्टरांकडे होती. सिस्टर म्हणजे मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या हेड नर्स. उंच, काटक, गळ्यात शिट्टी. शिट्टी एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की वरून काहीतरी पडतंय.

"डॉक्टर आहात?" सिस्टरांनी विचारलं.

"हो. दातांचा."

"अच्छा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या 'अच्छा'मध्ये त्यांनी तीस वर्षांत पाहिलेले सगळे डॉक्टर एका रांगेत उभे करून घरी पाठवले. "ती बादली घ्या. पाणी बाहेरच्या नळावर आहे. नळ नीट चालतो, त्याला काही करू नका."

आपल्या नळांची कीर्ती इथपर्यंत आलीय की काय, या विचारात डॉक्टर एक वाजेपर्यंत बादल्या वाहत राहिले. भाषण घामानं भिजून खिशाला चिकटलं.

दुसऱ्या रविवारी त्यांच्या हातात हातोडी दिली, आणि त्यांनी खिळ्याऐवजी वायरमनच्या अंगठ्यावर घाव घातला. वायरमन हा वीज मंडळातला चाळिशीचा गडी होता. सोशिक माणूस. तो फक्त म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही भूल द्यायला विसरलात." तिसऱ्या रविवारी डॉक्टर शिडीवर चढले आणि त्यांना उतरता येईना. चौथ्या रविवारी सिस्टरांनी त्यांना एका काळ्या खिडकीसमोर स्टुलावर बसवलं आणि हातात पत्र्याची खरवडणी दिली. "इथून हलायचं नाही."

आणि इथं डॉक्टरांचं नशीब फळफळलं. खरवडणीनं काचेला ओरखडे पडत होते. डॉक्टरांनी पुढच्या रविवारी घरून आपली जुनी पेटी आणली. दातांवरचं कीटण काढायची बारीक, वाकड्या टोकाची हत्यारं त्यात होती. ते काचेवर ओणवे झाले, आणि रंगाचे पापुद्रे असे सुटून येऊ लागले की वायरमन हातातलं काम टाकून बघत उभा राहिला. दुपारी एकच्या सुमाराला पहिल्या खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आठव्या रांगेच्या बाकावर पडला. सगळे जण त्या चौकोनाभोवती जमले. कुणी काही बोललं नाही. डॉक्टरही बोलले नाहीत, आणि हे त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य होतं.

सात महिन्यांत अठ्ठावीस खिडक्या झाल्या. मग सिस्टरांनी त्यांना रंगमंचामागच्या रंगपटाच्या खोलीत नेलं. नट जिथं तोंडाला रंग लावत, कपडे बदलत, ती ही खोली. भिंतीवर रंगांचे थर होते. सगळ्यांत वर बॅडमिंटन क्लबचा निळा, त्याखाली पोत्यांच्या काळातला चुना, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी एक हिरवा. "मूळचा रंग कुठला ते बघायचंय," सिस्टर म्हणाल्या. "हळूहळू काढा."

डॉक्टरांनी गुडघ्यांखाली उशी घेतली आणि खालच्या बाजूनं सुरुवात केली, कारण खाली बसून करण्यासारखं तेवढंच काम त्यांना जमत होतं. तिसऱ्या रविवारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, शेवटच्या हिरव्या रंगाखाली पेन्सिलीची रेघ दिसली. मग अक्षर. मग शब्द. डॉक्टरांनी श्वास रोखून, दाताच्या मुळाशी जावं तशा हातानं, चार ओळी मोकळ्या केल्या.

तो आज आला नाही.
त्याच्या जागी मी.
पाय फार दुखले.
कुणाला कळलं नाही.

डॉक्टर उठले. म्हणजे उठायला गेले, गुडघा धरला म्हणून पुन्हा बसले, आणि बसल्या जागेवरून हाका मारू लागले. सगळे धावत आले. टॉर्च आणला. वायरमननं मोठ्यानं वाचलं.

"सैनिक," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "रात्री इथं नाटकात काम करायचा आणि दिवसा लढायचा. एक दिवस तो परत आला नाही. त्याच्या मित्रानं, स्वतःचे पाय जखमी असताना, त्याची भूमिका केली. प्रेक्षकांना कळूही दिलं नाही. आणि मग इथं येऊन, भिंतीशी कोसळून..."

"लढाई इथून शेकडो मैल लांब होती ना?" सिस्टरांनी विचारलं. "ही विश्रांतीची छावणी होती."

"मनातली लढाई लांब नसते," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

"आणि इतक्या खाली का लिहिलंय?"

"थकलेला माणूस बसूनच लिहिणार."

"अक्षर तर केवढं मोठं आणि वेडंवाकडं आहे."

"हात थरथरत होता, सिस्टर."

"आणि 'मी' म्हणजे पुरुषच कशावरून?"

डॉक्टरांनी सिस्टरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कापसाची त्यांना फार आठवण आली.

त्यानंतर जे झालं त्याला डॉक्टर एकटेच जबाबदार होते, हे ते आता स्वतःच सगळ्यांना सांगतात. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदाराला बोलावलं. बातमीदारानं विचारलं, "हे सगळं नक्की का?" डॉक्टर म्हणाले, "भिंत खोटं बोलत नाही." तोच मथळा झाला. खाली डॉक्टरांचा फोटो, हातात दाताचं हत्यार, नजर दूरवर. बायकोनं फोटो बघून विचारलं, "कुठं दुखतंय का तुम्हाला?" पण लोक भारावून गेले. ओळखीच्या दोन बायका भिंतीसमोर उभ्या राहून रडून गेल्या. कुणीतरी फुलं ठेवली. आणि नाट्यगृह सुरू होईल तेव्हा पहिलं नाटक याच घटनेवर व्हावं अशी सूचना आली. सूचना डॉक्टरांनीच केली होती, पण ती आली हे खरं.

नाटकही त्यांनीच लिहिलं. तीन अंकी. पहिल्या अंकात दोन मित्र एकमेकांना आपापल्या आईबद्दल सांगत. दुसऱ्या अंकात एक मित्र मरे. त्याला मरायला अकरा मिनिटं लागत, कारण मरताना त्याला राजकारण, इतिहास आणि मुलांना वळण कसं लावावं याबद्दल बरंच काही सांगायचं होतं. तिसऱ्या अंकात दुसरा मित्र त्याच्या जागी उभा राही. मरायचं काम वायरमनकडे होतं. सिस्टर त्याची आई झाल्या होत्या आणि मुलगा मरत असताना त्यांनी विंगेत उभं राहून हुंदका द्यायचा होता. तो हुंदका आजवर कुणी ऐकला नव्हता.

"डॉक्टर," चौथ्या तालमीला वायरमन पडल्या पडल्या म्हणाला, "मी जरा लवकर गेलो तर चालेल का? पाठीला रग लागते."

"हुतात्म्याला रग लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

उद्घाटनाला सहा आठवडे उरले होते. बाकांना पॉलिश झालं होतं, पडद्याच्या कप्प्यांना तेल दिलं होतं, पत्रकं छापून झाली होती. अशा एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि एक तरुण बाई एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आत घेऊन आली. म्हातारी नव्वदीची असेल. पाठीत वाकलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"माझी आजी," तरुण बाई सिस्टरांना म्हणाली. "पेपरातली बातमी मी तिला काल वाचून दाखवली. चार-पाच महिन्यांपूर्वीचा पेपर, कपाटात अंथरलेला. तेव्हापासून एकच धोशा, मला तिथं घेऊन चल."

डॉक्टरांना फार आनंद झाला. त्यांनी स्वतः आजींना तिसऱ्या रांगेत कडेच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "बसा आजी. तालीम बघा. रुमाल आहे ना जवळ?"

दुसरा अंक सुरू झाला. वायरमन जखमी होऊन पडला. दुसरा मित्र, म्हणजे एका शाळेतला चित्रकलेचा मास्तर, त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाला, "तू नाही आलास, तर तुझ्या जागी मी! पाय फार दुखतील. पण कुणाला कळणार नाही!"

तिसऱ्या रांगेतून खुदकन हसू आलं.

डॉक्टरांनी मागं पाहिलं. आजींनी तोंडाला पदर लावला होता. मास्तरनं वाक्य पुन्हा म्हटलं. आजी पुन्हा हसल्या, आणि या वेळी त्यांना ते आवरेना. खांदे हलू लागले, चष्मा घसरला, नात पाठीवरून हात फिरवू लागली.

डॉक्टर खाली उतरून आले. शक्य तितक्या मृदू आवाजात ते म्हणाले, "आजी, हा दुःखाचा प्रसंग आहे."

"हो का?" आजी डोळे पुसत म्हणाल्या. "मला वाटलं घोड्याचा आहे."

"कुठला घोडा?"

"आमचा. दोन माणसांचा. वरून कापड, आत पुढं एक, मागं एक. शनिवारच्या खेळात शेवटी तो घोडा यायचा. तो नसला तर पोरं बाकं वाजवायची."

वायरमन मरायचा थांबून उठून बसला. सिस्टर विंगेतून बाहेर आल्या.

"माझा बाप इथं झाडलोट करायचा," आजी सांगू लागल्या. "मी दहा वर्षांची. दिवसभर इथंच. घोड्याचे मागचे पाय करायचा तो एक हडकुळा पोरगा होता. पोरगा म्हणजे असेल वीस-बावीसचा, मला तेव्हा बाप्या वाटायचा. त्याची माझी गट्टी. मला चालायला शिकवायचा. पुढच्यानं डावा टाकला की आपण उजवा टाकायचा, आणि वळताना पोटात हसू आलं तरी थांबायचं नाही. तर एका शनिवारी तो आलाच नाही. सगळे बोंबा मारायला लागले, घोडा कसा उभा करायचा? मी म्हटलं, मला येतं. उंची पुरेना, तर पायांना लाकडाचे ठोकळे बांधले. सगळा वेळ ओणवं. पाय असे भरून आले म्हणता! पण बाहेर कुणालासुद्धा कळलं नाही हो, की मागं मी आहे. कुणालासुद्धा! घरी जाऊन सांगितलं असतं तर आईनं हाणलं असतं. मग कुणाला सांगायचं? म्हणून तिथं लिहिलं."

तरी डॉक्टरांनी एक प्रयत्न केला. "आणि तो? तो का आला नव्हता? युद्धावर..."

"छे! दाढ काढायला गेला होता. त्या मेल्या दातवाल्यानं अशी काढली, की तोंड सुजून भोपळा. दोन दिवस बोलता येईना."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"माझा जन्मसुद्धा झाला नव्हता," डॉक्टर म्हणाले.

मग मात्र हसण्याचा जो स्फोट झाला त्यानं पत्र्यावरची कबुतरं उडाली. वायरमन रंगमंचावर आडवा झाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच खरा मेल्यासारखा दिसला. सिस्टरांना हुंदका फुटला, जो डॉक्टरांनी इतके दिवस मागितला होता, पण तो चुकीच्या जागी. डॉक्टर एकटेच उभे होते. वर्तमानपत्र, फोटो, दूरवरची नजर, फुलं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेलं. पायाखालची जमीन दुभंगेल तर बरं असं त्यांना वाटलं, पण ती त्यांनी स्वतःच गेल्या महिन्यात सिमेंटनं पक्की केली होती. किंवा त्यांनी केली होती म्हणूनच थोडी आशा होती.

हसणं ओसरल्यावर आजींनी डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांना शेजारी बसवलं.

"तुम्ही लिहिलंय का हे नाटक?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "चुकलंच माझं. चौकशी करायला हवी होती."

"तसं नाही हो. बोलतात छान. पण एक सांगू? त्याला मारू नका."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सुजलेल्या तोंडानंच तो दुसऱ्या दिवशी आला. बोलता येत नव्हतं, तरी सगळ्यांना खुणेनं उठवलं आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. घोड्यातून बाहेर आल्यावर मागच्याला कुणी विचारत नाही म्हणाला नंतर, म्हणून. मग पंधरा-वीस दिवसांनी ट्रक आले आणि सगळे गेले. तोही. मी फाटकाशी उभी होते. पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कोण? झाडूवाल्याच्या पोरीला कोण कळवणार. त्याचं पूर्ण नावसुद्धा मला माहीत नव्हतं. मग मी आपलं ठरवून टाकलं की तो गेला घरी. लग्नबिग्न झालं, पोरं झाली, टक्कल पडलं. ऐंशी वर्षं मी तेच धरून चालले आहे. आणि तुमचा पेपर वाचून दाखवला नातीनं, त्यात तो मेलेला."

गेले चार महिने दर रविवारी, अकरा अकरा मिनिटं, डॉक्टर या माणसाला मारत होते. जगात ज्या एकाच माणसानं त्याला जिवंत ठेवला होता, तिच्या घरच्या कपाटात जाऊन त्यांनी त्याला मारून ठेवला होता. तेही कशासाठी, तर चार माणसांनी आपलं बोलणं गप्प बसून ऐकावं म्हणून. हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की त्यांनी मान खाली घातली. आजींच्या बुटाची नाडी सुटली होती. ते वाकले आणि त्यांनी ती बांधली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. "भिंत खरंच बोलली होती," त्यांनी बातमीदाराला सांगितलं. "ऐकणारा गाढव होता." खुलासा छापून आला, पाचव्या पानावर, पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेखाली. पण त्यात आजींचा फोटो होता आणि शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, की त्या सैनिकाचं युद्धात काही बरंवाईट झाल्याची कोणतीही नोंद नाही. हे वाक्य डॉक्टरांनी हट्टानं घालायला लावलं. आयुष्यात त्यांनी सांगितलेलं आणि छापून आलेलं ते सगळ्यांत साधं वाक्य.

नाटक रद्द झालं. वायरमननं पेढे वाटावेत तशी बिस्किटं वाटली. आता उद्घाटनाला काय, हा प्रश्न एका मिनिटात सुटला. जुना शनिवारचा खेळ. गाणी, नकला, चार विनोदी प्रवेश आणि शेवटी घोडा.

घोडा डॉक्टरांच्या बायकोनं शिवला. आजी शेजारी बसून सांगत, ती कापत जाई. ती दोन आठवडे रोज नाट्यगृहात येत होती, आणि डॉक्टरांच्या ध्यानात आलं की इथं ती भरपूर बोलते, हसते, आणि लोक तिचं ऐकतात. "तू घरी का नाही गं बोलत अशी?" त्यांनी विचारलं. "जागा कुठं मिळते?" ती दोरा दातानं तोडत म्हणाली. डॉक्टर, दोरा दातानं तोडू नये, एवढं सांगायला तोंड उघडणार होते. पण त्यांनी ते मिटलं.

पुढचे पाय सिस्टर होणार हे कुणी ठरवलंच नाही, ते होतंच. मागच्या पायांची वेळ आली तेव्हा सगळे आपापल्या कामात एकदम बुडाले. डॉक्टरांनी स्वतःहून हात वर केला.

"तुमचे गुडघे?" सिस्टरांनी विचारलं.

"माझेच आहेत. बघतो मी त्यांचं."

आजींनी त्यांची तालीम घेतली. कडक बाई. "कंबर खाली. अजून खाली. तुम्ही घोडा आहात, दिवाण नाही. आणि मनातल्या मनात मोजू नका, पुढच्याच्या टाचा बघा." डॉक्टर पुढच्याच्या टाचा बघायला शिकले. आत अंधार असे, कापडाचा वास असे, आणि सिस्टरांच्या टाचांपलीकडे जग नसे. बोलायची सोय नव्हती. बोललं तर घोडा शेपटीकडून बोलतोय असं वाटलं असतं.

उद्घाटन एका रविवारी दुपारी चारला झालं. बावीस रांगा भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. अठ्ठावीस खिडक्यांतून ऊन येत होतं, म्हणून शेवटच्या क्षणी त्या चादरींनी झाकाव्या लागल्या. ज्या काचा उजळायला डॉक्टरांची सात महिने पाठ मोडली, त्या पुन्हा काळ्या करण्याचं काम त्यांच्याच देखरेखीखाली झालं. नाट्यगृहाला अंधार लागतो, ही गोष्ट आधी कुणाच्याच डोक्यात कशी आली नाही यावर नंतर बराच वाद झाला.

प्रयोग कसा झाला ते डॉक्टरांना ठाऊक नाही. त्यांनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांना फक्त टाचा दिसल्या. डावी पडली की त्यांनी उजवा टाकला. एका वळणावर सिस्टर थांबल्या आणि ते थांबले नाहीत, त्यामुळे घोडा मध्येच आखूड झाला, आणि बाहेर जो हशा उसळला तो कापडातून त्यांच्या पाठीवर येऊन आदळला. त्यांच्याही पोटात हसू आलं. घाम डोळ्यांत जात होता, मांड्या पेटल्या होत्या. चौतीस वर्षांत त्यांच्या दवाखान्यात कुणी हसलं नव्हतं, आणि इथं पाचशे माणसं हसत होती, आणि त्यातल्या एकालाही त्यांचं तोंड दिसत नव्हतं. त्यांना ते फार बरं वाटलं.

पडदा पडल्यावर सिस्टरांनी घोड्याचं डोकं काढलं आणि त्या पुढं जाऊन वाकल्या. टाळ्या झाल्या. डॉक्टर आत हूक शोधत होते. हूक सापडला तोवर लोक उठायला लागले होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आजी उभ्या राहिल्या, नातीच्या खांद्याला धरून. "थांबा! बसा सगळे!" असं त्या ओरडल्या, आणि नव्वद वर्षांच्या त्या आवाजाला पाचशे माणसं बसली. डॉक्टर कापडातून बाहेर आले तेव्हा केस उभे, चष्मा तिरका, शर्ट पाठीला चिकटलेला असे होते. आजी टाळ्या वाजवत होत्या. मग सगळे वाजवू लागले. बायको चौथ्या रांगेत होती. तिनं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे डॉक्टरांना छत्तीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं.

आता महिन्यातून दोन रविवार तिथं खेळ होतात. डॉक्टरांना लिहायला कुणी सांगत नाही. घोडा मात्र प्रत्येक वेळी मागतात, म्हणून त्यांनी कमरेला पट्टा घेतलाय. आजी येतात, कडेला बसतात आणि नंतर चुका सांगतात. बाजारात पूर्वी जुने पेशंट डॉक्टरांना पाहून रस्ता ओलांडून पलीकडे जात, दाढ ठणकायला लागते म्हणून. आता तेच समोरून येऊन थांबवतात आणि विचारतात, "घोडा तुम्हीच ना हो?"

"मागचा अर्धा," डॉक्टर सांगतात, आणि भाजी घ्यायला पुढं जातात.